न कापलेली काळी वायर

१

जीप पुढून नवीकोरी दिसत होती आणि मागून तिचा नुसता सांगाडा उरला होता. शिराळ्याच्या अलीकडच्या एका खेड्यात, केरबा डांग्यांच्या गोठ्याशेजारी, ताडपत्रीखाली ती उभी होती आणि क्रांती शेवाळे तिच्याभोवती फेऱ्या मारत होती. विमा कंपनीची ही सर्व्हेअर बाई एका जागी उभी राहिलेली कुणी पाहिली असेल तर त्यानं पुढं यावं. केरबांच्या बायकोनं, बनुबाईंनी, दिलेला चहा तिनं गोठ्याच्या कट्ट्यावर ठेवला होता. त्यावर साय धरली, सायीवर माशी बसली, तरी बाईंचं लक्ष नव्हतं.

झालं होतं ते असं. केरबांचा धाकटा मुलगा जयराज गाण्यांचा भलता शौकीन. जीप रस्त्यानं गेली की दोन्हीकडच्या उसाची पानं थरथरली पाहिजेत, हा त्याचा हट्ट. म्हणून त्यानं उंब्रजला हायवेवरच्या निजाम आतारांकडून मागची बाकं काढून मोठाले स्पीकर आणि तगडा अँप्लिफायर बसवून घेतला. उन्हाळाभर ते सगळं दणकून वाजलं, कधी कुरकुर नाही. नागपंचमीच्या संध्याकाळी मात्र पोरानं वेशीजवळ जीप लावून आवाज वाढवला आणि मागच्या कोपऱ्यातून जाळ निघाला. शहाणा माणूस पळाला असता. जयराजनं अँप्लिफायर धरून ओढला, वायरींसकट बाहेर फेकला आणि उजवा हात भाजून घेतला.

आता तो मिरजेला दवाखान्यात होता. थोरला भाऊ अर्जुना फौजेत, सुट्टीवर आलेला. धाकट्यानंही भरतीला उतरायचं असं घरात केव्हाच ठरलं होतं. त्या हाताची बोटं पुन्हा मिटतील का, हे मात्र डॉक्टर अजून सांगत नव्हते.

गावानं निकाल देऊन टाकला होता. निजामनं वायरिंग कच्चं केलं, शॉर्टसर्किट झालं, पोरगं भाजलं. केरबांनी तक्रार दिली आणि निजामला सकाळीच ठाण्यात नेऊन बसवलं. सांगलीच्या ऑफिसातून साहेबांचा क्रांतीला फोन आला होता, की फिटरची चूक आहे, तेवढं लिहा आणि मोकळ्या व्हा. एका ओळीचं काम. त्या ओळीवर निजाम आत जाणार होता आणि त्याचं दुकान कायमचं बसणार होतं, हे साहेबांना सांगलीत बसून दिसत नव्हतं. क्रांतीला दिसत होतं आणि म्हणूनच तिचा पाय थांबत नव्हता.

तिनं बॉनेट उघडलं. बॅटरीपासून बोटाएवढी जाड लाल वायर मागं जाते आणि तिच्या सुरुवातीलाच फ्यूज असतो. लाल वायर कुठं घासली, पत्र्याला टेकली, तर आधी हा फ्यूज उडतो. निजामनं तो बॅटरीला लागूनच बसवला होता. पत्र्यातून वायर जिथं आत शिरते तिथं रबराची कडीही घातली होती. क्रांतीनं फ्यूजच्या डबीचं झाकण काढलं आणि आत टॉर्च मारला.

फ्यूज धडधाकट होता. शॉर्टसर्किट झालंच नव्हतं.

२

मग जाळ आला कुठून? क्रांती साडीचा पदर खोचून जीपच्या मागच्या भागात शिरली. काजळीनं हात काळे, कपाळ काळं, आणि तोंडानं स्वतःशीच चाललेली बडबड. बनुबाई लांबून बघत होत्या. ही बाई साहेब आहे की भंगारवाली, असा त्यांचा चेहरा झाला होता.

आता थोडं समजून घ्यायला हवं, फार अवघड नाही. लाल वायर वीज आणते आणि काळी वायर ती गाडीच्या पत्र्यात परत सोडते. लाल वायर लांब चालते, तिला पुढून मागं यायचंच असतं. काळी मात्र जितकी आखूड तितकी चांगली, वीतभर असली तर उत्तम. आणि ती जिथं पत्र्याला बोल्टनं आवळायची तिथला रंग आधी खरवडून काढायचा, पत्रा चांदीसारखा उघडा करायचा. रंग म्हणजे विजेच्या वाटेतली धोंड. तिथून वीज रेटून गेली की बोल्ट तापतो, लाल होतो, आणि फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण तिकडं वीज काही जास्त वाहत नसते.

जीपच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात क्रांतीला तसा बोल्ट सापडला, गाडीच्या बॉडीचाच. निळा-काळा पडलेला. पान्यानं तो सोडवला, तर चकतीखाली जळक्या रंगाची खरपुडी चिकटलेली. कुणी रंग काढलाच नव्हता. ही निजामची चूक असेल तर त्याला आता देवही सोडवणार नव्हता.

तरीही तिनं चटई उचलली. मधोमध, जळालेल्या चटईखाली, आणखी एक भोक होतं. रिकामं. त्याच्याभोवतीचा पत्रा पैशाएवढा गोल खरवडलेला, वर ग्रीस लावलेलं. काळी वायर आधी इथं होती. कुणीतरी ती काढून कोपऱ्यात नेली होती.

जयराजनं बाहेर फेकलेला अँप्लिफायर पोत्यावर ठेवला होता. आगीतून वेळेवर निघाल्यानं तो बराच शाबूत होता. त्याची काळी वायर बघून क्रांती उकिडवी बसली. वीतभर पाहिजे होती ती वायर चांगली लांबलचक होती आणि उरलेल्या लांबीचं वेटोळं करून ते सुतळीनं बांधलं होतं. कोपऱ्यापर्यंत पोचायला हातभर पुरली असती. बाकीची कापून टाकायची सोडून गुंडाळून कोण ठेवतं? अँप्लिफायरकडचं टोकही विचित्र होतं. तिथलं काळं आवरण पात्यानं सोललेलं नव्हतं, पेटत्या काडीनं वितळवून बोटांनी ओढून काढलं होतं.

आणि अजून एक गोष्ट. जयराजनं मागची बाकं काढून घेतली होती ना? मग जळालेल्या सांगाड्यात हे लोखंडी बाक कुठून आलं होतं?

३

उंब्रजला पोचेपर्यंत क्रांतीनं तीन वेळा फोन कापला, तिन्ही वेळा साहेबांचा. निजामच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं आणि त्याची मुलगी फिरदोस दारात खुर्ची टाकून बसली होती. कुणी दगड मारू नये म्हणून बसलेय, असं तिनं सरळ सांगून टाकलं. पोरगी कॉमर्सला होती, सुट्टीत दुकान बघायची, आणि बापापेक्षा तिची जीभ तिखट होती.

क्रांतीनं तिला अँप्लिफायरचा फोटो दाखवला. फिरदोसनं बघितलं, वेटोळ्यावर बोट ठेवलं आणि तिला रागानं हसूच आलं. अब्बा असली वायर ठेवतील? जीप दिली त्या दिवशीचा फोटो तिनं मोबाईलमध्ये काढला. अँप्लिफायर मधोमध, काळी वायर वीतभर, बाक कुठंच नाही. पण वायर तीच, त्याच जातीची कशी, हे क्रांतीनं विचारलंच. त्यावर फिरदोस म्हणाली, उरलेली वायर अब्बा गिऱ्हाइकाला परत देतात. त्याच्या पैशाची आहे, त्याच्या घरी जाऊ दे, असं त्यांचं म्हणणं. जयराजलाही मोठं भेंडोळं दिलं होतं.

म्हणजे वायर डांग्यांच्या घरात होती. पण हात कुणाचा?

फिरदोसकडं उत्तर तयार होतं. मुजीब. अब्बांच्याच हाताखाली शिकला, भांडून गेला, शिराळ्यात दुकान टाकलं. पंचमीच्या दिवशी तो जयराजच्या जीपमध्ये मागून डोकावत होता, हे तिला बघणाऱ्यानं सांगितलं होतं.

"त्याला विचारा," फिरदोस म्हणाली, आणि मोबाईल बाजूला ठेवला. "आमचे अब्बा जेवले न्हाईत सकाळपासनं. डबा नेला, तर म्हनले, त्या पोरानं खाल्लं का आधी इचार."

क्रांती आल्या वाटेनं पुन्हा शिराळ्याकडं निघाली. पेट्रोल संपत आलं होतं, ते भरायला थांबणंही तिच्या जिवावर आलं.

४

मुजीब शेख गाडीखाली आडवा होता. विमावाली बाई म्हटल्यावर तो बाहेर आला, हात पुसले, आणि विचारायच्या आधीच म्हणाला, की व्हय, मी जीपजवळ गेलो होतो. लपवाछपवी करणाऱ्याचा सूर नव्हता. पण सूर काय, कुणालाही लावता येतो.

त्याचं म्हणणं असं. दुपारी जयराजची जीप शिराळ्यात त्याच्या दुकानासमोर थांबली. आवाज चालू होता. मागं बाकावर बाया बसल्या होत्या, नटूनथटून, पंचमीच्या जत्रेला आलेल्या. मुजीब जवळून गेला तर त्याला वास आला. रबराचा नव्हे, प्लास्टिकचाही नव्हे. पत्र्यावरचा रंग तापल्यावर येतो तो वास. तो मागून डोकावला, पण बायांच्या लुगड्यांआड काही दिसेना. मग त्यानं जयराजला सांगितलं, की आवाज कमी ठेव आणि एकदा अर्थिंग, म्हणजे काळ्या वायरचा बोल्ट, बघून घे. जयराजला वाटलं, हा जुन्या उस्तादाच्या कामाला नावं ठेवायला आलाय. तो हसला आणि जीप पुढं नेली.

"माझं त्यांच्याशी वाकडं हाय," मुजीब म्हणाला. "पन निजामभाईंचं अर्थिंग कधी तापत न्हाई. तवाच मला वाटलं, हितं दुसऱ्याचा हात लागलाय."

क्रांतीनं त्याच्या दुकानावर नजर फिरवली. भिंतीवर कटर, पकडी, कानशी, पॉलिश पेपर, सगळं टांगलेलं. इतकी पाती ज्याच्या हाताशी, तो माणूस काडी पेटवून वायर सोलेल? निजामनं केलं नाही, त्याच कारणानं मुजीबनंही केलं नव्हतं. ज्यानं केलं त्याला पाना चालवता येत होता, बोल्ट घट्ट आवळता येत होता, गाठ नीट मारता येत होती. बाईमाणसं बसावीत म्हणून त्यानं बाक आणलं आणि अँप्लिफायर कोपऱ्यात सरकवला. लाल वायर पुरली, वीतभर काळी पुरेना, म्हणून घरातलं भेंडोळं आणलं. इथवर सगळं सरळ होतं. पण पातं म्हणून त्यानं कुठंच लावलं नव्हतं. वायर कापली नाही, सोलली नाही, रंग खरवडला नाही. शेतकऱ्याच्या घरात विळा, खुरपं, चाकू, काय नसतं?

हे कोडं तिला चावत होतं आणि तिचं जेवायचं राहून गेलं होतं.

५

मिरजेला जायचं तर डांग्यांच्या गावावरूनच वाट. बनुबाई फाट्यावर डबा घेऊन एसटीची वाट बघत उभ्या होत्या. क्रांतीनं त्यांना गाडीत घेतलं. माणुसकी होतीच, पण खोटं कशाला सांगा, विचारायचंही होतं.

विचारावं लागलं नाही. काळजीनं बोलकी झालेली बाई आपणहून बोलत राहिली. यंदा थोरला पंचमीला घरी होता, कितीतरी वर्षांनी. दर साली शिराळ्याला एसटीत उभ्यानं जायचं, यंदा तो म्हणाला, आई, तू आपल्या जीपमधून बसून जाशील. सकाळी उठून त्यानं माळ्यावरचं बाक काढलं, जयराजचा तो डबा एका अंगाला सारला, सगळं एकट्यानं केलं. जयराज तर झोपलाच होता. शेजारच्या सुलाबाई आणि धोंडुबाईसुद्धा बसल्या. रस्त्यानं लोक बघत होते, हे सांगताना बनुबाईंच्या तोंडावर त्या दिवसाचा उजेड आला आणि लगेच विझला.

अर्जुना. क्रांतीनं स्टिअरिंग घट्ट धरलं. फौजी माणूस, हाताला वळण असलेला. पण मग चाकू का नाही?

बनुबाई डब्याकडं बघून म्हणाल्या, की पोरासाठी त्याच्या आवडीची दिंडं केलीत. पंचमीला केली होती, पण जाळाच्या गडबडीत त्यानं ती खाल्लीच कुठं. क्रांतीनं उगीच, बोलायचं म्हणून विचारलं, की पंचमीला तुमच्यात दिंडंच का, पोळी का नाही?

"आवं, पंचमीला तवा ठेवत्यात व्हय?" बनुबाईंना तिच्या अडाणीपणाचं नवल वाटलं. "भाजायचं न्हाई, चिरायचं न्हाई, कापायचं न्हाई. आमी इळी आदल्या राती पालथी घालतो. मानूस रानात खुरपंसुदिक न्हेत न्हाई. नागाला लागतं म्हनत्यात."

क्रांतीनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. पाणी पाहिजे म्हणाली आणि बाटली तोंडाला लावली. उंब्रजच्या निजामला, शिराळ्याच्या मुजीबला त्या दिवशी पातं वर्ज्य नव्हतं. वर्ज्य होतं ते याच घराला. सगळं उलगडलं होतं आणि उलगडल्याचा आनंद मात्र तिला औषधालाही होईना, कारण शेजारी ही बाई मांडीवर डबा धरून बसली होती.

६

दवाखान्यात बनुबाई आत जयराजकडं गेल्या आणि क्रांतीनं अर्जुनाला व्हरांड्यात गाठलं. उंच, ताठ, दाढी वाढलेला. ती बोलत गेली. फ्यूज, दोन भोकं, बाक, वेटोळं, काडीनं सोललेलं टोक. संपल्यावर तो म्हणाला, की हो, मीच केलं, घाई होती, चाकू सापडला नाही. तुमच्या कागदावर माझं नाव घाला.

क्रांतीला संताप आला. एक निरपराध माणूस ठाण्यात बसलाय, त्याची पोर दुकानाच्या दारात राखण करतेय, आणि हा फौजी दोन दिवस तोंड शिवून बसलेला. नोकरीची भीती? सुट्टीचं लफडं? तिनं आडपडदा न ठेवता विचारलं. चाकू सापडला नाही म्हणे, कुणाला सांगतोस?

अर्जुनानं दाराकडं बघितलं आणि आवाज उतरवला.

"मॅडम, मला फासावर द्या. पन चाकूचं तिच्यासमोर काडू नगा. जन्मभर ती हातात इळी धरायची न्हाई."

एवढंच. पण एवढ्यानं क्रांतीचा राग विरून गेला. स्वतःला वाचवायला तो गप्प नव्हता. आईच्या पंचमीपायी हे घडलं हे तिला कळू नये म्हणून त्यानं परक्याला बळी दिलं होतं. चूक ती चूकच.

क्रांती म्हणाली, की ठीक, घाईत रंग खरवडायचा, वायर कापायची राहिली एवढंच लिहिते. निजाम सुटेल, आईचं नाव कुठं येणार नाही. अर्जुनानं मान हलवली. दोघांनाही वाटलं, बरं निभावलं.

बनुबाई दारात उभ्या होत्या. कधीपासून, कुणास ठाऊक.

"घाई न्हवती त्याला," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा, बाजारातला भाव सांगावा तसा. "चाकू घिऊन बसला हुता. म्याच काडून घेतला त्याच्या हातातनं. म्हनलं, आज वायरसुदिक कापू नगंस. आईचं ऐकलं त्यानं."

अर्जुना "आई" म्हणून पुढं झाला, तर त्यांनी त्याला हातानं थोपवलं. मग क्रांतीकडं वळल्या आणि सगळं असंच्या असं लिहा म्हणाल्या. नागोबानं काही सांगितलं नव्हतं, सांगितलं होतं मी, हेही लिहा. आणि लिहून झालं की मला त्या निजामकडं न्या.

ठाण्यात पोचले तेव्हा उजेड होता. अर्जुनानं फौजदारांपुढं जाऊन सगळं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, पण बनुबाई तिकडं गेल्याच नाहीत. त्या सरळ निजामपुढं जाऊन उभ्या राहिल्या. पांढऱ्या दाढीचा, खांद्यावर मळका रुमाल टाकलेला माणूस, बाजूला दुकानाचं शटर ओढून आलेली फिरदोस. वाटभर मनात जुळवलेलं बनुबाईंनी एका दमात सांगून टाकलं, चाकूसकट, आणि हात जोडले.

निजामनं सगळं ऐकून घेतलं. फिरदोस काहीतरी बोलणार होती, त्यानं तिला खुणेनं गप्प केलं.

"मावशी," तो म्हणाला, "पोराची बोटं मिटत्यात का?"

दोन दिवस सगळ्या गावानं बनुबाईंना कोण चुकलं तेवढंच विचारलं होतं.

"अंगठा हालतुया," बनुबाई म्हणाल्या, आणि इतका वेळ आवरून धरलेलं रडू त्यांना त्या परक्या माणसापुढं आलं.